कोऱ्याच्या मनुका

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेचे सात ग्लास होते, त्यातल्या एकाच्या काठाचा टवका उडालेला. दोन अंडी, एक पसरट बशी, मिरपुडीची डबी, मिठाची बरणी, खाण्याच्या सोड्याचं अर्धं पाकीट, व्हिनेगरची बाटली, वाटीत काढलेला भांड्यांचा साबण, तीन फुगे, दोन चमचे आणि मूठभर मनुका. मनुका पहिल्यांदा मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या. दुसऱ्यांदा सव्वीस.

"खारू," मावशी म्हणाली, "तोंड उघड."

खारूने जोरजोरात मान हलवली. तिचे दोन्ही गाल टम्म फुगले होते. हे टोपणनाव तिच्या आईने ठेवलं होतं. खाऊ चावून गिळण्याआधी तो गालात साठवून ठेवायची पोरीला सवय होती, आणि चार वर्षांची झाली तरी ती सुटली नव्हती.

"बरं, राहू दे. सव्वीस पुरतील," मावशी म्हणाली आणि तिने मनुकांची वाटी आपल्या बाजूला ओढून घेतली.

खारूच्या बालवाडीत दर शुक्रवारी एका घराची पाळी असे. त्या घरातलं कुणीतरी येऊन अर्धा तास मुलांना आपलं काम दाखवायचं. बेकरीवाल्या बाबांनी येऊन कणकेचे उंदीर करून दाखवले होते. एका मुलाच्या आजोबांचं केस कापायचं दुकान होतं, त्यांनी बाहुलीचे केस इतके झकास कापले की दुसऱ्या दिवशी तीन मुली घरच्या कात्रीने आपले केस कापून आल्या. या शुक्रवारी खारूच्या घराची पाळी होती. खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत, आणि त्यासाठी महिन्यातले निम्मे दिवस परगावी असत. "आता लिफ्ट काय खिशात घालून नेऊ?" असं ते फोनवर म्हणाले होते. म्हणून मग मावशी.

मावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. कॉलेजातून बाहेर पडली ती थेट तिथे चिकटली. गावभरातल्या टाक्यांमधून, नळांमधून बाटल्या यायच्या आणि त्यांच्यात काय काय आहे ते ती मोजायची. ताई आजारी पडली तेव्हा एक पिशवी घेऊन ती या घरी आली. ताई गेली. पिशवी अजून पलंगाखालीच होती. परत जायचं की राहायचं हे तिला कुणी विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. सकाळी ती खारूचे मोजे शोधायची, दात घासून घ्यायची, तिला बालवाडीत सोडून बस पकडायची. ती रडली नव्हती. शेजारच्या काकू तिला जवळ घ्यायला आल्या तेव्हा ती जवळ गेली, काकूंच्या साडीला फिनेलचा वास येतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि बाकी काहीच झालं नाही. हात आपली कामं करत होते. ती त्यांच्याकडे बघत होती, एवढंच.

आदल्या रविवारी आत्याचा फोन आला होता. आत्या म्हणजे खारूच्या बाबांची थोरली बहीण. दुसऱ्या गावात घरातच तिचं शिवणकाम होतं. तिच्या बोलण्याला शिलाई मशीनसारखीच गती होती.

"मी गुरुवारी संध्याकाळी येतेय. शुक्रवारी तुमची ती बालवाडीतली जादू बघते आणि रविवारी परत. येताना खारूला घेऊन येईन म्हणते. माझी दोघं आहेत, अंगण आहे, मी दिवसभर घरातच असते. भावाला विचारलं तर तो म्हणतो तुम्ही दोघी काय ते ठरवा. त्याचं तोंड लिफ्टच्या दारासारखं, उघडलं की लगेच बंद. तर तू सांग. आडून आडून नको, सरळ सांग. तुला ती हवी आहे का?"

मावशीने खरंच विचार केला. हो म्हणणं सोपं होतं, पण जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायची तिला सवय नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे मी बघितलं शोधून. काही सापडत नाही."

"शोधून बघितलं! चष्मा हरवलाय का तुझा?" मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, मी वाईट मानणार नाही. तुझं वय काय, तुझं सगळं व्हायचंय अजून. पण पोरीला ‘माहीत नाही’वर कशी ठेवू मी? रविवारपर्यंत काही सापडलं तर सांग. नाहीतर मी घेऊन जाते."

"बरं," मावशी म्हणाली. फोन ठेवून तिने दूध तापत ठेवलं.

खारूला हे सगळं ठाऊक होतं. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ताईचंच म्हणणं होतं. "आत्याकडे कोंबड्या आहेत," ती कुणीही न विचारता सांगायची. जायचं की नाही ते सांगायची नाही.

आता टेबलावर त्या दोघींची रंगीत तालीम चालली होती. मिरपुडीचा प्रयोग आधी झाला. बशीत पाणी, त्यावर मिरपूड भुरभुरवलेली, आणि बोटाला साबण लावून मधोमध टेकवलं की मिरपूड घाबरून कडेला पळते. खारूने तो नऊ वेळा केला, प्रत्येक वेळी "पळा पळा, बाई आल्या!" असं ओरडत. मग साध्या पाण्यात बुडणारं आणि मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं. मग मनुका.

मावशीने दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींत सारखंच पाणी ओतलं. डावीकडच्यात एक चमचा सोडा ढवळला. दोन्हींत पाच-पाच मनुका टाकल्या. मग दोन्हींत व्हिनेगर. डावा ग्लास फसफसून उठला, बुडबुडे मनुकांना चिकटले, मनुका वर आल्या, वर येऊन बुडबुडे फुटले की खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. उजव्या ग्लासात मनुका तळाशी पडून राहिल्या.

खारूने डाव्या ग्लासाकडे थोडा वेळ बघितलं. मग हनुवटी टेबलावर टेकून उजव्याकडे बघत बसली.

"याच्या कधी उठणार?"

"नाही उठणार. यात सोडा नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

"मग याला कशाला बोलावलं?"

"तो कोरा आहे. आमच्या प्रयोगशाळेत रोज एक बाटली कोरी असते. तिच्यात काही घालायचं नाही, पण तिचं सगळं बाकीच्यांसारखंच करायचं. तापवायचं, थंड करायचं, मोजायचं. बाकीच्यांत जे दिसतंय ते खरंच त्यांच्यातलं आहे, आपल्या हाताचं किंवा भांड्याचं नाही, ते तिच्यामुळे कळतं."

"आणि तिला काय मिळतं?"

"काही नाही."

"कोऱ्या," खारू ग्लासाला म्हणाली, "ऐकलंस का रे? तुला काही नाही." आणि तिने उरलेल्या व्हिनेगरची बाटली कोपराने आडवी केली. व्हिनेगर टेबलावरून खाली, खालून मावशीच्या चपलेत.

"काही हरकत नाही," मावशी म्हणाली आणि फडकं घेऊन आली.

खारू तिच्या फडक्याकडे बघत राहिली. "आई ओरडली असती."

"हो."

"तू ओरड ना."

"चुकून सांडलं, त्यात काय ओरडायचं?"

"मी मुद्दाम सांडलं," खारू म्हणाली.

मावशीने जमीन पुसली, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि दुकानातून दुसरी बाटली आणली.

शुक्रवारी बालवाडीच्या मोठ्या खोलीत एकवीस मुलं सतरंजीवर बसली होती. मागच्या भिंतीला लावलेल्या बुटक्या खुर्च्यांपैकी एकीवर आत्या, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. बाई, म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या, पाण्याची बादली आणि फडकी घेऊन तयारीतच होत्या. बेकरीवाल्यांनंतर कणीक छताला चिकटलेली निघाली होती, तेव्हापासून त्या कुणावर भरवसा ठेवत नसत.

"या कोण आल्यात?" बाईंनी मुलांना विचारलं.

"खारूची आई!" पुढे बसलेला एक गोल मुलगा म्हणाला. त्याला सगळे बोक्या म्हणत.

"आई नाही, मावशी," खारू त्याला म्हणाली. "आई मेली. तुला सांगितलं होतं ना मी?"

"हां," बोक्या म्हणाला. "विसरलो. हे प्यायचं आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली. "बघायचं आहे."

मिरपूड पळाली तेव्हा मुलांनी आरडाओरडा केला. अंडं तरंगलं तेव्हा एकीला शंका आली की ते उकडलेलं आहे, म्हणून मावशीला ते वाटीत फोडून दाखवावं लागलं. तिथेच घोळ झाला. वाटी बोक्याच्या पायाशी होती, बोक्या उठला, अंडं सतरंजीवर गेलं. बाई फडकं घेऊन धावल्या, मावशीही खाली वाकली. "पाय उचल. दुसरा. अरे, दोन्ही एकदम कसे उचलशील?" मागच्या खुर्चीवरून आत्या खो खो हसत होती. टेबलापाशी त्या वेळी फक्त खारू होती.

सतरंजी पुसून मावशी परत आली. दोन ग्लास, दोन्हींत आधीच भरून ठेवलेलं पाणी, दोन्हींत मनुका. तिने मुलांना सगळं नीट समजावलं. हा सोड्याचा, हा कोरा. सोड्याच्या मनुका नाचतील, कोऱ्याच्या नाचणार नाहीत. मग तिने सगळ्यांसमोर डाव्या ग्लासात सोडा ढवळला, दोन्हींत व्हिनेगर ओतलं, आणि सवयीने आधी कोऱ्याकडे बघितलं.

कोऱ्या फसफसला. डाव्यापेक्षाही जास्त. फेस काठावरून खाली उतरला आणि मनुका एकापाठोपाठ एक वर आल्या.

"नाचल्या! नाचल्या!" एकवीस मुलं उभी राहिली.

"मावशी खोटं बोलली," बोक्या आनंदाने म्हणाला.

प्रयोगशाळेत कोरी बाटली बिघडली की त्या दिवसाचं सगळं काम फुकट जायचं. कुणाच्या हातून बिघडली ते शोधायचं, भांडी धुवायची आणि सकाळपासूनचं सगळं पुन्हा करायचं. बाकी कुठल्याही चुकीला तिथे माफी होती. मावशीने ग्लास उचलला, उजेडात धरला. तळाशी न विरघळलेला पांढरा थर होता. तिच्या मानेपासून कानांपर्यंत काहीतरी गरम चढत गेलं. इतक्या दिवसांत असं काही झालेलं नसल्यामुळे ते काय आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"कुणी हात लावला याला?"

आवाज इतका मोठा निघाला की बाईंच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

"खारू! तू केलंस?"

खारूच्या बोटांना पांढरी भुकटी होती. तिने हात पाठीमागे घेतले.

"सांगितलं होतं की नाही तुला? याच्यात काही घालायचं नाही म्हणून! एक गोष्ट सांगितली होती, एक! सगळं वाया घालवलंस! आता मुलांना काय कळणार त्यातनं? कुठलं काय ते?"

खारूचा खालचा ओठ बाहेर आला.

"तो नुसताच बसला होता," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना मिळालं." आणि ती मोठ्याने रडायला लागली, तोंड उघडं टाकून. गालातून एक मनुका खाली पडली.

मावशीने ग्लास खाली ठेवला. आत्या खुर्चीतून अर्धी उठली होती. बाई काही बोलणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "बादली इकडे द्या. पुन्हा करू."

तिने दोन्ही ग्लास धुतले, दोनदा. खारूला म्हणाली, "नाक पूस. हात धू. साबणाने. आता हा तू धरायचा, आणि कुणी काही घातलं तर मला सांगायचं." खारूने हुंदके देत कोरा ग्लास दोन्ही हातांनी धरला. पाणी, मनुका, एकात सोडा, दोन्हींत व्हिनेगर. डावीकडच्या नाचल्या. खारूच्या हातातल्या तळाशीच राहिल्या.

"थांबा," मावशी म्हणाली. "पुरता वेळ द्यायचा असतो."

मुलं थांबली. काहीच होत नसलेल्या त्या ग्लासाकडे एकवीस जण डोळे फाडून बघत होते. खारूच्या हुंदक्यांनी पाणी मधूनमधून हलत होतं.

"काही करत नाही तो," अखेर बोक्या म्हणाला.

"त्याचं कामच ते आहे, वेड्या," खारू म्हणाली आणि तिने बाहीला नाक पुसलं.

संध्याकाळी मावशी ग्लास घासत होती. आत्या शेजारी उभी राहून पुसत होती. खारू बाहेरच्या खोलीत फुगे घेऊन खुर्चीखाली शिरून त्यांच्याशी बोलत होती. दुपारपासून ती मावशीशी एकही शब्द बोलली नव्हती, पण बालवाडीतून येताना रस्ता ओलांडायला हात मात्र तिने तिचाच धरला होता.

"चांगलीच ओरडलीस," आत्या म्हणाली.

"हो. चार लोकांसमोर ओरडायला नको होतं."

"नको होतं, खरंय." आत्याने ग्लास उजेडात धरून बघितला. "माझी दोघं दिवसातून दहा वेळा माझ्या शिव्या खातात. पण वहिनी गेल्यापासून हिला काही बोलायचं म्हटलं तर माझी जीभच उचलत नाही. गणपतीच्या मूर्तीसारखी—" ती थांबली. "काचेच्या भांड्यासारखी वागवते मी तिला. काल रात्री माझं मापाचं पुस्तक फाडलं तिने. मी म्हटलं, फाड बाळा."

"मीही तसंच म्हणते."

"आज नाही म्हणालीस."

मावशीने नळ बंद केला. पाणी थांबल्यावर बाहेरचं बोलणं ऐकू आलं. खारू एका फुग्याला रागावत होती, अगदी मावशीच्या आवाजात. एक गोष्ट सांगितली होती, एक.

"तिला नेऊ नका," मावशी म्हणाली.

आत्याने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "रविवारी फोनवर तर काही सापडत नव्हतं."

"नव्हतं."

"मग आज काय सापडलं?"

"राग आला मला."

"बस? एवढंच?"

"एवढंच. बाकी अजून काही नाही." मावशी ओल्या हातांकडे बघत होती. "मी खोटं सांगणार नाही तुम्हाला. माया वगैरे मला काही कळत नाही सध्या. ताईचं सुद्धा काही कळत नाही. पण तुम्ही तिला नेलं तर मला राग येईल. तेवढं आज दिसलं. तेवढं मी सांगू शकते."

आत्याने खांद्यावरचं फडकं काढून कोरडाच ग्लास पुन्हा पुसला.

"अगं, माझ्या सासूबाईंना तर सबंध जन्मात माझ्याबद्दल एवढंच वाटलं," आत्या म्हणाली. "तरी पंधरा वर्षं निभावलं आम्ही." मग तिने डोळ्यांना फडकं लावलं, त्याला अजून व्हिनेगरचा वास होता, आणि ती शिंकली. "भावाला फोन लाव. त्याचं दार उघडतंय का बघू."

खारूच्या बाबांनी फोन उचलला. आत्याने सगळं सांगितलं. पलीकडून लिफ्टच्या दोरखंडाचा करकर आवाज येत राहिला.

"तिला चालेल का?" अखेर ते म्हणाले. "म्हणजे, खारूला."

आत्याने फोन बाहेरच्या खोलीत नेला. खारूने खुर्चीखालूनच उत्तर दिलं.

"मावशी ओरडते," ती बाबांना म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, "कोंबड्या बघायला सुट्टीत जाईन."

रविवारी त्या दोघी आत्याला बसवर सोडायला गेल्या. आत्याजवळ एक पिशवी होती आणि एक मोठी निळी बॅग, चाकांची. खारूचे कपडे, बाहुल्या, अंथरूण असं सगळं मावेल म्हणून आत्याने ती आपल्या गावच्या शेजारणीकडून मागून आणली होती. आतापर्यंत ती आत्याने पलंगामागे लपवून ठेवली होती. रस्ताभर खारूने ती ओढली.

सामानाच्या खिडकीवरच्या माणसाने चष्म्यावरून बघितलं. "काय आहे यात?"

"काही नाही," आत्या म्हणाली.

"काही नाही तर मांडीवर घेऊन बसा."

"मांडीवर मीच मावत नाही, दादा. खाली टाका की."

"खाली टाकायची तर वजन करावं लागतं. रिकामी असो की भरलेली."

खारू तोवर काट्यावर चढली होती. "मला मोज."

"तू जाणार आहेस का?"

"नाही."

"मग उतर. इथे जाणाऱ्यांचंच मोजतात."

मावशीने तिला काखेत हात घालून उतरवलं. माणसाने बॅग उचलून काट्यावर ठेवली, काटा स्थिर व्हायची वाट बघितली आणि पावतीवर लिहिलं. तीन किलो दोनशे ग्रॅम.